सुट्या डब्यांची गाडी

बाबांनी खिडकी त्या बाईंना दिली.

जयपूरच्या फलाटावरून गाडी अजून हललीही नव्हती. वरच्या फळीवर बॅग ढकलून मी वळले, तर बाबा बाकाच्या मधोमध अंग चोरून बसलेले आणि खिडकीशी, माझ्या खिडकीशी, शैला कारंजे. आमच्या घरात रेल्वेची खिडकी जन्मापासून माझी होती. आईलासुद्धा ती माझ्याकडून मागून घ्यावी लागायची.

"केतू, तू समोर बस की," बाबा म्हणाले. "बाईंना बाहेरचं बघायचंय."

"मलाही बघायचंय."

"मग समोरून बघ. तेच तर दिसतंय."

"तेच नाही दिसत. त्यांना येणारं दिसतं. मला गेलेलं दिसणार."

कारंजेबाई हसल्या. त्यांचं हसू तोंडापेक्षा नाकात जास्त असायचं. "पोरगी नेमकं बोलते, मगदूम. ये गं, तू बस इथे."

"नको मॅडम, बसा तुम्ही."

"मॅडम काय? मावशी म्हण."

"काकू म्हणते."

"काकू नको," त्या एकदम म्हणाल्या. "मावशीच म्हण."

मी त्या प्रवासात त्यांना काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं. कठीण असतं ते. मराठीत माणसाला हाक न मारता बोलायचं तर वाक्यं फार वळवून घ्यावी लागतात.

आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. बाबा मिरजेला रेल्वेत टीएक्सआर होते. गाडी फलाटाला लागली की हातोडी घेऊन डब्यांखाली वाकायचं, चाकं वाजवून बघायची, दोन डब्यांमधले सांधे तपासायचे, हे त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावरही कुठल्याही गाडीत चढण्याआधी ते दोन डब्यांच्या फटीत वाकून पाहायचे. आई म्हणायची, लोक देवळात वाकतात, हे कपलिंगपुढे. आई शाळेत चित्रकला शिकवायची. मी नुकतीच कोल्हापूरहून रसायनशास्त्रात एमएस्सी झाले होते आणि संशोधनासाठी बंगळुरूला निघणार होते. मग एका संध्याकाळी बाबांनी या सहलीची तिकिटं टेबलावर ठेवली. जुन्या डब्यांची खास गाडी, शेखावाटीतली रंगीत हवेल्यांची गावं, नवलगढ, मंडावा, फतेहपूर.

"सोलापूरच्या कारंजेबाई पण येणार आहेत," ते म्हणाले.

"कोण कारंजेबाई?"

"ओळखीच्या आहेत."

बाबांना खोटं बोलता येत नाही. लपवायचं असलं की त्यांची वाक्यं नुसती आखूड होतात. "आणि केतू," ते पुढे म्हणाले, "तुझ्याशी एक बोलायचंय. तिथं गेल्यावर बोलू."

साठीला टेकलेला विधुर बाप, त्याच वयाची बिनलग्नाची बाई, मुलगी घराबाहेर पडायच्या बेतात, आणि बोलायचं आहे. याचं समीकरण सोडवायला एमएस्सी लागत नाही.

गाडी सुटली. बाबांनी थर्मास उघडला. त्या थर्मासला दोन टोपणं होती. मोठ्यात बाबा चहा घ्यायचे, आतल्या छोट्यात आई. आई गेल्यापासून आतलं टोपण निघालंच नव्हतं. बाबांनी ते काढलं, रुमालाने पुसलं, भरलं आणि खिडकीशी दिलं.

"साखर जास्त झालीय," कारंजेबाई म्हणाल्या.

"आमच्याकडं अशीच असते."

"तिला नाही चालायची—" असं काहीतरी म्हणून त्या थांबल्या आणि बाहेर पाहायला लागल्या. बाबाही बाहेर पाहायला लागले. बाहेर वाळू होती, खेजडीची खुरटी झाडं होती आणि एक उंट होता, ज्याला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आमच्या शेजारच्या बाकावर पुण्याच्या हर्डीकर काकू होत्या. त्यांच्याकडे चकल्यांचा डबा आणि सर्वांच्या घरची माहिती, दोन्हींचा साठा मोठा होता. दुपारपर्यंत त्यांनी सगळं काढून घेतलं. आई नाही, मी एकुलती, बाई माझ्यासाठी मावशी.

"आई नाही म्हणता? अरेरे. पण मावशी आहे ना!" त्या चकली पुढे करत म्हणाल्या. "आपल्यात म्हणतातच, माय मरो पण मावशी जगो."

बाबांनी चकलीचे दोन तुकडे केले, मग चार. कारंजेबाईंच्या मानेवर लाली चढत कानापर्यंत गेली. मी ती लाली नीट पाहिली. माझ्या डोक्यात तिची नोंद झाली: लाजली.

त्या दोघांचं बोलणं मी ऐकायचे आणि तपासायचे. ते त्यांना 'बाई' म्हणायचे. त्या त्यांना नुसतं 'मगदूम' म्हणायच्या, पण अहो-जाहो करून. हे इतकं कोरडं होतं की मला खात्रीच पटली. ज्यांच्यात काही नसतं ती माणसं एव्हाना ताई-भाऊवर येतात. आणि बाबा सतत काहीतरी विचारायचे, हळू आवाजात. त्या सांगायच्या, हातवारे करून, आणि बाबा असे ऐकायचे की बस. मी शाळेतल्या बक्षिसाबद्दल सांगायचे तेव्हाही त्यांचा एक कान रेल्वेच्या शिट्टीकडे असायचा. इथे दोन्ही कान.

वाटेतल्या रात्रीच्या मुक्कामानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी नवलगढ जवळ येत होतं. हर्डीकर काकूंचं फोनवर नणंदेशी वाजलं. फोन पिशवीत कोंबून त्या फणफणत बसल्या. "पुण्याला गेल्यावर बघते तिला. तोवर बोलणारच नाही."

"असं नका करू," कारंजेबाई म्हणाल्या. "ओलं आहे तोवर बोलून टाकावं. वाळलं की निघत नाही."

मी हातातला कप खाली ठेवला.

ते आईचं वाक्य होतं, अगदी जसंच्या तसं. मी रुसून माडीवर गेले की ती जिन्यातून म्हणायची, ओलं आहे तोवर बोल गं केतू, वाळलं की निघत नाही. मैत्रिणीशी भांडून आले, मार्क कमी पडले, बारावीत एका मुलावरून रडले, दर वेळी तेच. ते वाक्य मी दुसऱ्या कुणाच्याही तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते पुस्तकात नव्हतं, म्हणींत नव्हतं. ते आमचं होतं.

स्टेशनवर उतरल्या उतरल्या मी बाबांना बाजूला घेतलं. ते सवयीने फटीत वाकणार होते, मी दंडाला धरून उभं केलं.

"हेही देऊन टाकलंत?"

"काय?"

"खिडकी दिलीत, टोपण दिलंत. आईचं बोलणंही दिलंत?"

"कसलं बोलणं?"

"ओलं आहे तोवर."

बाबांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "ते मी दिलेलं नाही."

"मग त्यांना कुठून मिळालं?"

"केतू, हे असं फलाटावर—"

"बाबा, तुम्हाला लग्न करायचंय तर करा. पण आईच्या वस्तूंवर नको."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चाकावर हातोडी मारल्यावर भलताच आवाज आला असावा. मग ते चालायला लागले.

हवेली बाजाराच्या मागे होती. दोन चौकांची, छतापर्यंत रंगवलेली. कृष्ण मोटारीत बसलेला, टोपीवाले साहेब कुत्र्यांना फिरवताहेत, हत्ती, झोपाळे, ग्रामोफोनचा कर्णा. हर्डीकर काकूंनी विचारलं, एवढी वर्षं उन्हात हे टिकलं कसं? गाइडने काहीतरी अंड्याचं, गुळाचं सांगायला सुरुवात केली. मला राहवलं नाही.

"तसं नाही," मी म्हणाले. "रंग ओल्या चुन्यावर लावतात. चुना वाळताना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेतो आणि पुन्हा दगड होतो. रंगाचे कण त्या दगडात अडकतात. म्हणजे रंग भिंतीवर नाही, भिंतीच्या आत आहे. चुना एकदा वाळला, की नंतर वर कितीही लावा, पापुद्रे निघतात."

"वा गं!" हर्डीकर काकू म्हणाल्या. कारंजेबाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या. त्या रडतील की काय असं वाटलं. मला त्याचं कारण कळलं नाही, आणि खरं तर ते विचित्र आहे, कारण ते मी आत्ताच माझ्या तोंडाने सांगितलं होतं.

आतल्या चौकाच्या लांब भिंतीवर आगगाडी होती.

इंजिनाच्या धुराची वेणी घातली होती. डबे म्हणजे छोट्या हवेल्याच. प्रत्येकाला कमानीच्या खिडक्या, प्रत्येक खिडकीत पगडीवाला माणूस. चाकं फुलांसारखी. "पेंटर ने कभी ट्रेन देखी नहीं थी," गाइड म्हणाला. "किसी ने बताया, उसने बना दिया."

बाबा वाकले. भिंतीवरच्या गाडीपुढेही वाकले. "डबे जोडलेच नाहीत की," ते हसून म्हणाले. "सगळे सुटे. पहिल्याच झटक्याला इंजिन एकटं निघून जाणार."

खरंच होतं. ज्याने नुसतं ऐकलं होतं त्याला घरं ठाऊक होती, चाकं ठाऊक होती. घराला घर बांधायचं असतं हे त्याला कोण सांगणार? मी भिंतीच्या कडेने चालत शेवटपर्यंत गेले. आणि थांबले.

"इथे जोडलेत," मी म्हणाले.

शेवटच्या दोन डब्यांमध्ये कडी होती. नीट, बारकाईने काढलेली. मी जवळ जाऊन पाहिलं. चित्रकार रोज रंगवण्यापुरताच गिलावा लावतो, म्हणून दोन दिवसांच्या कामांत शिवण राहते. इथली शिवण जाड होती, आणि तिच्या आतला निळा जरा जास्त निळा.

"हा तुकडा नंतरचा आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कुणीतरी दुरुस्ती करताना स्वतःची अक्कल चालवलीय. मूळ माणसाने गाडी पाहिली नव्हती, हीच या चित्राची गंमत. त्यात कुणीतरी लुडबुड केली." मग मी कारंजेबाईंकडे पाहिलं. "मागाहून मध्ये घुसलेलं लगेच ओळखू येतं."

"येतं," त्या म्हणाल्या. "उस्तादांना पण आलं होतं. ते 'दखलअंदाजी' म्हणाले होते. लुडबुड जास्त चांगला शब्द आहे."

गाइड लोकांना दुसऱ्या चौकाकडे घेऊन गेला. आम्ही तिघेच राहिलो. बाबा शेवटच्या दोन डब्यांपुढे आले होते. त्यांचं बोट भिंतीपासून इंचभर दूर हलत होतं.

"स्क्रू कपलिंग आहे," ते हळू म्हणाले. "हा मधला आटे पाडलेला दांडा. ही मूठ. आणि मुठीला हा वजनाचा गोळा बघ, केतू. बाहेरच्या माणसाला नुसती साखळी दिसते. गोळा दिसत नाही. कुणी दाखवला तरच दिसतो."

"कुणी काढलं हे?"

कारंजेबाई बोलल्या.

"वसुडीनं."

माझ्या आईचं नाव वसुधा. तिला वसुडी म्हणणारं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं.

"आम्ही दोघी जयपूरला उन्हाळी वर्गाला आलो होतो," त्या चौकाच्या पायरीवर बसत म्हणाल्या. "भिंतचित्रं शिकायला. उस्ताद आम्हाला इथे घेऊन आले. या कोपऱ्याचा गिलावा पडला होता. सकाळी गिलावा ओढायचे आणि दिवसभर ओरडायचे, गीला है तब तक, गीला है तब तक. वसुडीनं त्याचं मराठी केलं. मी रुसले की म्हणायची, शैले, ओलं आहे तोवर बोल."

म्हणजे ते वाक्य माझ्या आधी हिचं होतं.

"आमचं ठरलं होतं. इथेच राहायचं, भिंती करायच्या. उस्ताद दोघींना ठेवून घेणार होते. मग एक दिवस ती हे दोन डबे करत होती आणि मी वळून बघते तर मध्ये कडी! म्हटलं, वसुडे, हे कुठून आणलंस? म्हणाली, असंच सुचलं." त्या नाकात हसल्या. "असंच कुणाला वजनाचा गोळा सुचतो का गं? मिरजेला तिचं ठरलंय, मुलगा रेल्वेत आहे, त्यानं फलाटावर नेऊन तिला डब्यांच्या मधलं दाखवलंय, हे सगळं मला त्या गोळ्यावरून कळलं. तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत गिलावा वाळला."

"मग?"

"मग काय? लग्नाला गेले नाही. तुझ्या बाबांचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण जळत मात्र होते त्यांच्यावर. रोज. एवढ्या कसबी हाताची पोरगी आणि कोण नेतोय, तर डब्यांखाली वाकणारा! वर्षंच्या वर्षं. तिची शुभेच्छापत्रं आली, मी फाडली. मग ती यायची थांबली."

मी बाबांकडे पाहिलं. ते अजून भिंतीशीच होते, आमच्याकडे पाठ करून.

"तुम्ही यांना कसं शोधलंत?"

"केतू, दवाखान्यातलं आठवतंय तुला?" ते न वळता म्हणाले. "शेवटी शेवटी ती काय म्हणायची?"

आठवत होतं. कसं विसरेन? आई गुंगीत एकच शब्द म्हणायची. शैली. "शैली आली का?" "शैली कुठाय?" वर्गातल्या मुलांना ती नेहमी सांगायची, आधी हात येतो, मग शैली येते. मी तिच्या उशाशी बसून म्हणायचे, हो आई, आली हं, सगळ्या मुलांना शैली आली. आणि आई माझ्याकडे अशी बघायची की मला वाटायचं, ताप चढलाय.

"शैली," मी म्हणाले.

"मला सोलापूरला सगळे शैली म्हणतात," कारंजेबाई म्हणाल्या.

चौकात पारवे घुमत होते. पलीकडून हर्डीकर काकूंचा आवाज येत होता, अहो इकडे बघा, विमान काढलंय!

"मलाही तेव्हा चित्रकलेचंच वाटलं होतं," बाबा म्हणाले. आता ते वळले. "मग वर्षश्राद्धाला तिच्या वर्गातल्या एक बाई आल्या होत्या, त्या सहज म्हणाल्या, शैलीला कळवलंत का? तेव्हा माझ्या डोक्यात... शोधलं मग मी. पण तुला कसं सांगायचं? तिनं शेवटचं नाव घेतलं ते तुझं नव्हतं. माझंही नव्हतं. माझं मी बघून घेतलं. तू इतकी बसली होतीस तिच्याजवळ. तुला कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, इथं येऊन, हे दाखवून सांगावं. बाई म्हणाल्या, दाखवते. लग्न कसलं करतोय, बाई माझ्यावर अजून नीट रागवून झाल्या नाहीत."

"झाले नाही," कारंजेबाई म्हणाल्या.

मी भिंतीला हात लावला. तो लावायचा नसतो, बोटांचं तेल लागतं, मला माहीत होतं. आईच्या निळ्यावर हात ठेवला. गार होता, काचेसारखा गुळगुळीत. त्याच्या आत आई होती, बावीस-तेवीस वर्षांची, मी जन्माला यायच्या कितीतरी आधीची, आणि तिच्यावर या दोन म्हाताऱ्या माणसांचा हक्क होता. एकाने तिला गोळा दाखवला होता, दुसरीने तो काढताना पाहिला होता. मला त्या दोघांचाही असा काही मत्सर वाटला की कालचा मत्सर म्हणजे पोरखेळ.

"काय घालून हसायची ती तेव्हा?" मी विचारलं. प्रश्न चुकीचा आला. मला वेगळंच काही विचारायचं होतं.

पण शैला कारंजेंना तो बरोबर कळला. "ओढणी तोंडात घालून," त्या म्हणाल्या. "आणि ओढणीला कायम चुना."

संध्याकाळी गाडीशी परत आलो तेव्हा पलीकडे सूर्य वाळूत टेकत होता. बाबा डब्यात चढण्याआधी वाकले. या वेळी कारंजेबाईही त्यांच्या शेजारी वाकल्या, गुडघ्यावर हात टेकून, कण्हत.

"हा दांडा," बाबा दाखवत होते. "इकडून फिरवला की आवळतो, उलटा फिरवला की सैल. आणि हा गोळा. याच्या वजनानं मूठ खाली लोंबत राहते, धावत्या गाडीत आपोआप फिरत नाही. म्हणजे सांधा सुटत नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मगदूम, हे तेव्हा मलाही दाखवलं असतंत तर?"

"तुम्ही आला असता तर दाखवलं असतं की."

गार्डने शिट्टी वाजवली. त्यांनी हात पुढे केला, गोळ्याच्या दिशेने.

"मावशी," मी म्हणाले, "हात नका लावू. वंगण ओलं आहे."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हात लावलाच.